आडोशाचा हिशेब

पहाटे पावणेपाचला झेब्रुखचं बंदर सोडतो आम्ही.
पुढे डोरीन, मधे मी, मागे इलियास,
ज्याला कालपरवापर्यंत मिशी नव्हती.
पोटात न्यूझीलंडची किवी, चार अंशांवर झोपलेली;
लिएजपर्यंत तिला जागं व्हायची परवानगी नाही.

ब्रुख ओलांडलं की डोरीन रेडिओवर म्हणते, "या जवळ."
मी पाय उचलतो, बाकीचं ट्रकच बघतो:
तीस मीटर, वीस, पंधरा, बारा.
बाराला आलो की काचेवरचा वारा
कुणी दार लावून घ्यावं तसा बंद होतो.

डिझेल होतं तेव्हा हे ऐकू यायचं नाही,
इंजिनच इतकं बोलायचं.
आता ट्रक मुका, म्हणून कळतं
इतकी वर्षं आपण कशाशी झटत होतो.

एकटा गेलो तर वाटेत चार्जिंगला थांबावं लागतं,
पाऊण तास, यंत्रातली पाणचट कॉफी.
असं जुळून गेलो तर थेट.
मागच्यांची किती वीज वाचली
ते कंपनी दर शुक्रवारी भिंतीवर लावते.

मला ते भिंतीवरून शिकायची गरज नव्हती.
अकरा वर्षं मी सायकलवर दुसऱ्यासाठी वारा फोडला.
करारात तसं लिहिलेलं नसे, काम तेच:
फेर्डीला पाठीशी धरायचं, खड्डे दाखवायचे,
बाटल्या आणायच्या,
आणि शेवटच्या दोन किलोमीटरला बाजूला व्हायचं,
संपल्यासारखं नाही, संपूनच.
फोटोत तो हात वर करून आहे.
मीही आहे. डावीकडे, एक खांदा आणि टोपीची कड.
फेर्डीची आता ओस्टेंडला सायकलींची दोन दुकानं.
नाताळला कार्ड येतं. मी उत्तर देत नाही.

आल्टरपाशी वारा आडवा झाला.
अशा वेळी सायकलवाले पंख्यासारखे तिरके पसरतात,
सगळा रस्ता अडवून.
ट्रकला तेवढा रस्ता कोण देणार?
ओळीतच राहिलो, बगलेत मार खात.
तेवढ्यात एक लाल गाडी आमच्या मधे घुसली,
तिला गेंटचा फाटा हवा होता.
ट्रक आपणहून मागे सरला, दार उघडलं, वारा आत.
मी फ्लेमिशमध्ये शिव्या घातल्या,
त्या पुरेनात म्हणून फ्रेंचमध्येही.
मग पुन्हा बारा मीटर.

"डोरीन, मी येऊ का पुढे? तुलाही जरा आडोसा."
ती हसली. "मलाही मिळतं थोडं, वानेस."
"काय मिळतं?"
"पुढच्याच्या पाठीमागे पोकळी पडते, ती त्याला मागे ओढते.
तू तिथे आलास की ओढ कमी होते.
फार नाही. दोनेक टक्के."

ब्रसेल्सच्या वळशापर्यंत मी काही बोललो नाही.
दोन टक्के.
म्हणजे त्या अकरा वर्षांत
माझ्या चाकाला चिकटलेला तो आयतोबा
नकळत का होईना, मला पुढे लोटत होता.
आधी हे मुळीच आवडलं नाही.
इतकी जपलेली तक्रार,
आणि तिच्यातले दोन टक्के कुणी सहज काढून न्यावेत!

लूव्हेनच्या अलीकडे मी पुढे आलो.
वारा सरळ काचेवर, जुन्या देणेकऱ्यासारखा
ओळख न दाखवता.
आरशात डोरीन, दातांनी थर्मासचं झाकण फिरवत.
पाठीवर काहीतरी कमी होतं, किंवा तसं मला वाटलं.
यंदा कार्डाला उत्तर द्यावं.
काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही.

मग रेडिओवर इलियास, सकाळपासून पहिल्यांदाच:
"आणि ज्याच्या मागे कुणीच नाही, त्याचं काय?"

डोरीन गप्प. मीही.
लिएज एकवीस किलोमीटर.
मी वेग किंचित कमी केला,
त्याने काही होत नाही हे माहीत असून.